पी-टी-ई-आर असलेले इंग्रजी शब्द: पंख कुठे आहे आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजी वाचताना पी, टी, ई, आर ही चार अक्षरं सलग असलेले अनोळखी शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात: ॲप्टेरस, टेरिला, टेरोपॉड, सायफोनॅप्टेरा, पेरिप्टेरल, टेरिजियम, ॲमिनॉप्टेरिन. (यांतल्या ‘टे’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये आरंभी मुका पी आहे.) हे सगळे एकाच कुळातले आहेत का? आणि एकेकाचा अर्थ घोकण्यापेक्षा बरा मार्ग आहे का?

तुम्ही दिलेले सातही शब्द एकाच कुळातले आहेत. द्विभाषिक शब्दकोशाच्या संपादनात माझी बरीच वर्षं गेली, आणि दुर्मीळ शब्दांची इतकी मोठी आणि इतकी प्रामाणिक कुळं इंग्रजीत फार नाहीत, असं माझं मत आहे. मूळ ग्रीक शब्द प्टेरॉन, म्हणजे पीस किंवा पंख. त्याची भावंडं तीन: प्टेरिक्स म्हणजे पंख, प्टेरिगिऑन म्हणजे छोटा पंख, आणि प्टेरिस म्हणजे नेचे, कारण नेच्याचं पान पिसासारखं दिसतं. ही चार रूपं डोक्यात बसली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे शब्द नेमका कुठे तोडायचा हे ओळखणं, आणि ही चार अक्षरं निव्वळ योगायोगाने कुठे एकत्र आली आहेत हे ताडणं.

मराठी वाचकाला हा शब्द परका वाटायचं कारण नाही. संस्कृतमधला ‘पत्’ हा उडण्याचा आणि पडण्याचा धातू आणि ग्रीक प्टेरॉन यांचं मूळ एकच. त्याच धातूवरून ‘पत्र’ आला. पत्र म्हणजे आपल्याला पान किंवा चिठ्ठी आठवते, पण संस्कृतात त्याचा अर्थ पंख, पीस असाही आहे. म्हणून तर पक्ष्याला ‘पत्ररथ’ म्हणतात, पंख हाच ज्याचा रथ तो. ‘पतंग’सुद्धा इथलाच. लॅटिनमध्ये याच मुळापासून पेन्ना, म्हणजे पीस, आणि पिसाच्या लेखणीवरून इंग्रजी पेन. जर्मेनिक भाषांमध्ये आरंभीच्या प चा फ झाला, जसा पितृचा फादर. त्याच नियमाने तिकडे फेदर हा शब्द तयार झाला. म्हणजे पत्र, पेन, फेदर आणि टेरोडॅक्टिल हे एका लुप्त उडत्या सरपटणाऱ्या प्राण्याचं नाव, हे सगळे दूरचे नातेवाईक.

आता कीटकांकडे येऊ, कारण या कुळातले बहुसंख्य शब्द तिथे आहेत. ॲरिस्टॉटलने भुंगेऱ्यांसाठी ‘कोलिऑप्टेरा’ला जन्म देणारं ग्रीक विशेषण वापरलं होतं. कोलिऑस म्हणजे म्यान. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कडक असतात आणि मागचे नाजूक पंख त्या म्यानाखाली घडी घालून ठेवलेले असतात. पुढे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने 1758 मध्ये सगळ्या कीटकांची सात गणांत वाटणी केली आणि सातही गणांची नावं पंखांवरून दिली: कोलिऑप्टेरा, हेमिप्टेरा, लेपिडॉप्टेरा, न्यूरॉप्टेरा, हायमेनॉप्टेरा, डिप्टेरा आणि ॲप्टेरा. हेमि म्हणजे अर्धा. ढेकणांच्या या गणात पुष्कळ कीटकांचा पुढचा पंख अर्धा जाड आणि अर्धा पातळ असतो. लेपिस म्हणजे खवला. फुलपाखराला बोट लावल्यावर जी भुकटी चिकटते ते हे खवले. हायमेन म्हणजे पातळ पडदा. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या या गणात येतात. डिप्टेरा म्हणजे दोन पंखांचे: माश्या आणि डास. त्यांच्या मागच्या पंखांच्या जोडीचं रूपांतर दोन बारीक दांड्यांत झालं आहे आणि उडताना तोल सांभाळायला त्या उपयोगी पडतात.

सातवं नाव ॲप्टेरा, म्हणजे बिनपंखी. यातला ‘अ’ म्हणजे आपलाच नकाराचा अ, अज्ञान आणि अशक्यमधला. ग्रीक आणि संस्कृतमध्ये तो एकाच मुळातून आला आहे. लिनिअसने या गणात पिसवा, उवा, कोळी, खेकडे आणि गोमीसुद्धा कोंबल्या. तो गण टिकला नाही, कारण पंख नसणं ही काही नात्याची खूण नव्हे. पण ‘ॲप्टेरस’ हे विशेषण टिकलं. तुमच्या यादीतला हा पहिला शब्द: अर्थ फक्त ‘पंख नसलेला’. कीटकशास्त्रातच त्याचे दोन शेजारी भेटतील, ब्रॅकिप्टेरस म्हणजे आखूड पंखांचा आणि मॅक्रॉप्टेरस म्हणजे लांब पंखांचा. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांत ही दोन्ही रूपं एकाच जातीत दिसतात. गर्दी वाढली की लांब पंखांचे तुडतुडे जास्त निपजतात आणि दुसरीकडे उडून जातात. शेतीविषयक इंग्रजी लेखांत हे दोन शब्द नेहमी येतात आणि वाचणारा तिथेच अडकतो.

न्यूझीलंडच्या किवी पक्ष्याच्या वंशाचं नाव ॲप्टेरिक्स, तेही बिनपंखीच. प्रत्यक्षात किवीला पंख असतात, पण इतके खुरटलेले की पिसाऱ्याखाली दिसतच नाहीत. शास्त्रीय नाव ठेवणाऱ्याने जे डोळ्यांना दिसलं ते नोंदवलं. या कुळातल्या नावांकडे बघताना हे लक्षात ठेवावं: नाव म्हणजे व्याख्या नव्हे, नाव देणाऱ्याच्या नजरेत जे भरलं त्याची ती नोंद आहे.

सायफोनॅप्टेरा हा शब्द चुकीच्या जागी तोडला की घात होतो. ‘सायफोन’ अधिक ‘प्टेरा’ असं तोडलं तर नळीसारखे पंख असा अर्थ निघेल, आणि मधला ॲ अनाथ राहील. खरी फोड सायफोन, अ, प्टेरा अशी आहे: नळीने शोषणारे, पंख नसलेले, म्हणजे पिसवा. एका स्वरामुळे पंख असलेल्याचा नसलेला होतो. टेरानोडॉन या लुप्त उडत्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या नावातही नकार असाच लपला आहे: टेर, अन्, ओडॉन. ओडॉन म्हणजे दात, संस्कृत दन्तचा भाऊ. पंखवाला, दात नसलेला. इथे नकार पंखांना लागू नाही, दातांना आहे.

एका स्वराचा याहून मोठा चकवा डर्मॅप्टेरा आणि डर्मॉप्टेरा यांच्यात आहे. दोन्हींचा अर्थ ‘कातडी पंखांचे’. पहिला गण कीटकांचा: शेपटीला चिमटा असलेले ते चपटे तपकिरी किडे, ज्यांना इंग्रजीत इअरविग म्हणतात. दुसरा गण सस्तन प्राण्यांचा: आग्नेय आशियातले कोलुगो. मानेपासून शेपटीपर्यंत पसरलेल्या कातडीच्या पडद्यावर ते एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे तरंगत जातात. एक ए आणि एक ओ, एवढाच फरक. छापताना ही अदलाबदल झाली तर वाचकाला ती कळणंही कठीण. म्हणून असा शब्द आला की मी संदर्भात आधी प्राणी शोधतो, मग स्वर तपासतो.

उलट प्रकारही आहे: जवळपास तोच शब्द, पण प्राणी भलताच. टेरोपॉड आणि टेरोपस दोन्हींचा अर्थ पंख-पाय. टेरोपॉड म्हणजे समुद्रातल्या अगदी छोट्या गोगलगाई. त्यांच्या पायाचे दोन पंखासारखे पल्ले झाले आहेत आणि ते हलवत त्या पाण्यात पोहतात. इंग्रजीत त्यांना समुद्री फुलपाखरं म्हणतात. टेरोपस म्हणजे फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचा वंश. वटवाघळांच्या अख्ख्या गणाचं नाव कायरॉप्टेरा, हात-पंखी, आणि हे नाव मला सगळ्यात नेमकं वाटतं, कारण वटवाघळाचा पंख खरोखरच लांबलेल्या बोटांवर ताणलेला पडदा असतो. टेरोडॅक्टिल म्हणजे पंख-बोट. त्याचा पंख चौथ्या, अतिशय लांब झालेल्या बोटाला जोडलेला होता. 1784 मध्ये कोलिनीने त्याचा जीवाश्म पहिल्यांदा वर्णन केला तेव्हा तो प्राणी समुद्रातला असावा असं त्याला वाटलं. तो उडणारा सरपटणारा प्राणी आहे हे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने ओळखलं आणि 1809 मध्ये हे नाव दिलं. नावातच शरीररचनेचा पुरावा आहे.

शब्द कुठे तोडायचा या बाबतीत हेलिकॉप्टरइतकं चांगलं उदाहरण नाही. 1861 मध्ये फ्रान्समध्ये गुस्ताव्ह द पाँताँ दामेकूर यांनी हा शब्द घडवला तो हेलिक्स, म्हणजे मळसूत्राचा पीळ, आणि प्टेरॉन यांपासून. फोड ‘हेलिको-प्टर’ अशी. पण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाला प्ट हा जोड खटकतो. त्यांनी तो ‘हेली-कॉप्टर’ असा तोडला आणि त्या चुकीच्या तुकड्यांना पोरं झाली: हेलिपॅड, हेलिपोर्ट, क्वाडकॉप्टर. ग्रीक हिशेबाने क्वाडकॉप्टरमध्ये पंखाच्या जोडीला मागच्या पिळाचं शेपूटही अडकून आलं आहे. मला यात काही बिघडलं असं वाटत नाही, भाषा अशीच वाढते. पण अर्थ शोधणाऱ्याने ‘कॉप्टर’ नावाचं मूळ शोधत बसू नये. ऑर्निथॉप्टरमध्ये, म्हणजे पक्ष्यासारखे पंख फडफडवून उडणाऱ्या यंत्राच्या नावात, जोड शाबूत आहे.

आता ॲमिनॉप्टेरिन. तुमच्या यादीतला हा शब्द सगळ्यात कोरडा दिसतो, औषधाच्या बाटलीवरचा. त्याची गोष्ट मात्र फुलपाखराच्या पंखावर सुरू होते. 1889 मध्ये फ्रेडरिक गॉलँड हॉपकिन्स यांनी ब्रिमस्टोन या पिवळ्या फुलपाखराच्या पंखांतल्या रंगद्रव्याविषयी लिहिलं. त्या फुलपाखराच्या वंशाचं नावही याच कुळातलं, गोनेप्टेरिक्स. पुढे 1925च्या सुमारास जर्मनीत हाइनरिश वीलँड आणि क्लेमेन्स शोप्फ यांनी ही रंगद्रव्यं वेगळी काढली आणि पंखात सापडली म्हणून त्या गटाला टेरिन म्हटलं. पिवळं ते झँथॉप्टेरिन, पांढरं ते ल्यूकॉप्टेरिन. तोवर हा फुलपाखरांचा विषय होता.

दरम्यान 1941 मध्ये पालकाच्या पानांतून एक जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं आणि लॅटिन फोलियम, म्हणजे पान, यावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. त्याची रचना उलगडली तेव्हा रेणूच्या एका टोकाला तेच टेरिनचं कडं निघालं, फुलपाखराच्या पंखातलं. म्हणून फॉलिक ॲसिडचं रासायनिक नाव टेरॉइलग्लुटामिक ॲसिड. एकाच पदार्थाच्या एका नावात पान आणि दुसऱ्या नावात पंख. आपल्या ‘पत्र’ शब्दात हे दोन्ही अर्थ आधीपासून आहेत. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण मला तो फार आवडतो.

शरीराला नव्या पेशी घडवायला फॉलिक ॲसिड लागतं. रक्ताच्या कर्करोगात पेशी बेफाम वाढतात, तर त्यांना फॉलिक ॲसिडसारखाच दिसणारा पण निरुपयोगी रेणू देऊन फसवता येईल का, हा विचार पुढे आला. भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली अमेरिकेतल्या लेडरली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत असे रेणू तयार झाले. त्यांतला एक ॲमिनॉप्टेरिन: टेरिनच्या कड्यावर एक जादा ॲमिनो गट बसवलेला. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी तो ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिला आणि 1948 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजार काही काळापुरता मागे हटला, पण रसायन देऊन ल्युकेमिया मागे हटवता येतो हे तेव्हा दिसलं. त्याचा धाकटा भाऊ ॲमेथॉप्टेरिन आज मेथोट्रेक्सेट या नावाने कर्करोगात आणि संधिवातात वापरला जातो. नव्या नावात पंख उरलेला नाही. जुन्या वैद्यकीय लेखांत ॲमेथॉप्टेरिन दिसलं तर ते हेच औषध.

शरीराच्या संदर्भातले बाकीचे शब्द सोपे आहेत. टेरिजियम म्हणजे छोटा पंख: डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकत जाणारी मांसल त्रिकोणी वाढ. उन्हात, धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत ती जास्त दिसते. टेरिगॉइड म्हणजे पंखासारखं: कवटीच्या तळाशी असलेल्या एका हाडाचे पंखासारखे भाग, आणि त्यांना जोडलेले जबडा हलवणारे स्नायू. टेरिऑन ही कानशिलाजवळची जागा, जिथे कवटीची चार हाडं मिळतात. तिथे कवटी पातळ असते आणि आतून एक धमनी जाते, म्हणून कानशिलावरचा मार जीवघेणा ठरू शकतो.

टेरिला हा शब्द फारसा कुणाला माहीत नसतो आणि तो सुंदर आहे. पक्ष्याचं अंग पिसांनी सगळीकडे झाकलेलं दिसतं, पण पिसं कातडीवर सगळीकडे उगवत नाहीत, ठरावीक पट्ट्यांत उगवतात. अशी एक पट्टी म्हणजे टेरिला: प्टेरॉन अधिक हिली, ग्रीकमध्ये रान. पिसांचं रान. दोन रानांमधली उघडी जागा म्हणजे ॲप्टेरियम. पेंग्विनसारखे काही पक्षी याला अपवाद आहेत, त्यांच्या अंगावर पिसं जवळपास सगळीकडे असतात.

माशांच्या बाबतीत पंखाचा अर्थ बदलतो. ॲक्टिनॉप्टेरिजिआय आणि सार्कॉप्टेरिजिआय ही दोन लांबलचक नावं बघून घाबरू नका. ग्रीक लोक माशाच्या वल्ह्यासारख्या अवयवालाही प्टेरिगिऑन म्हणत. आपणही त्याला ‘पर’ किंवा ‘पक्ष’ म्हणतो, म्हणजे पीस किंवा पंखच. ॲक्टिस म्हणजे किरण, म्हणून किरणांसारख्या काट्यांवर ताणलेले पर असलेले मासे. आज माहीत असलेले बहुतेक मासे यात येतात. सार्क्स म्हणजे मांस, म्हणून मांसल परांचे मासे. 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जिवंत सापडलेला सीलकँथ यातला. चार पायांचे सगळे प्राणी याच शाखेतून आले, म्हणजे वंशवृक्षाच्या हिशेबाने आपणही मांसल परांच्या गटातले.

वनस्पतींत दोन ओळखी पुरतात. टेरिडो-ने सुरू होणारं काहीही नेच्यांचं. टेरिडोमेनिया म्हणजे नेचे गोळा करण्याचं वेड. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हे वेड पसरलं होतं आणि 1855 मध्ये चार्ल्स किंग्स्ली यांनी त्याला हे नाव दिलं. टेरो-च्या पुढे कार्पस आलं तर ते फळ: टेरोकार्पस, पंखासारखी कड असलेल्या फळांची झाडं. रक्तचंदन या वंशातलं.

राहिला पेरिप्टेरल. हा वास्तुकलेचा शब्द आहे आणि इथे पंख म्हणजे खांबांची रांग. ग्रीक देवळाच्या गाभाऱ्याभोवती चारही बाजूंनी खांबांची एकेरी रांग असेल तर ते पेरिप्टेरल, जसं अथेन्सचं पार्थेनॉन. दुहेरी रांग असेल तर डिप्टेरल, जसं एफेससचं आर्टेमिसचं देऊळ. खांबांच्या वर्तुळावर नुसतं छप्पर, आत गाभारा नाही, तर मोनॉप्टेरॉस. डिप्टेरल हा शब्द माशीबद्दलही येऊ शकतो, पण माशी आणि देऊळ एका परिच्छेदात सहसा भेटत नाहीत.

आता ज्यांत पंख नाही ते शब्द. चॅप्टर हा लॅटिन कॅपिट्युलम, म्हणजे छोटं डोकं, यावरून फ्रेंचमार्गे आला. ॲडॅप्टर, प्रॉम्प्टर, टेम्प्टर, इंटरप्टर यांत पीटी हा धातूचा शेवट आणि ईआर हा ‘करणारा’ दाखवणारा प्रत्यय. यासाठी एक सोपी परीक्षा आहे: शेवटचं ईआर काढा. मागे चालू इंग्रजी क्रियापद उरलं तर पंख शोधू नका. हेलिकॉप्टरमधून ईआर काढलं तर काहीच उरत नाही. चॅप्टर या परीक्षेत फसवतो, आणि अमेरिकी स्पेलिंगमधला सेप्टर, म्हणजे राजदंड, तोही फसवतो; तो टेकण्याची काठी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये त्याचा शेवट टीआरई असा असल्याने तिथे आपली चार अक्षरं या क्रमाने येतच नाहीत. असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ते पाठ केले तरी चालतील.

टार्मिगन या बर्फाळ प्रदेशातल्या पक्ष्याच्या नावात पीटी आहे, पुढे ईआर नाही, तरी लोक त्याला या कुळात ओढतात. तो स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला शब्द आहे. सतराव्या शतकात कुणाला तरी तो ग्रीक वाटला आणि पुढे एक पी चिकटवला गेला. पक्ष्याला पंख आहेत, शब्दाला नाहीत.

शेवटी उच्चार, कारण शब्दकोश उघडल्यावर पहिली अडचण तिथेच येते. शब्दाच्या सुरुवातीला पीटी आलं तर इंग्रजीत पी मुका: टेरोसॉर, टेरिजियम, टेरिला. शब्दाच्या मध्ये आलं तर दोन्ही ऐकू येतात: डिप्टेरा, ॲप्टेरस, पेरिप्टेरल. फ्रेंच आणि जर्मन बोलणारे सुरुवातीचा पीसुद्धा उच्चारतात. कानावर पडलेला असा शब्द टी अक्षराखाली शोधून सापडला नाही, तर पी उघडा आणि पीटीच्या रांगेत बघा. सापडल्यावर अर्थ वाचण्याआधी नोंदीतली व्युत्पत्ती वाचा, कारण फोड कुठे करायची हे तिथे लिहिलेलं असतं.